जलरेषा कपाटात शोधा: शिडाच्या बोटीवरील संथ सिंकचा इलाज

घरातले सिंक तुंबले की दोष पाइपात असणार, हे आपण गृहीत धरतो आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. शिडाच्या बोटीवर मात्र पाइप आतून अगदी स्वच्छ असला तरी गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, सिंकचे पाणी रेंगाळू शकते, कारण तिथे पाण्याला खाली जायला मुळात जागाच थोडी असते. इमारतीत ओट्यावरचे पाणी आधी चांगले अर्धा-पाऊण मीटर खाली कोसळते आणि मग आडव्या पाइपाला लागते; बोटीवर सिंकचा तळ आणि बाहेरच्या समुद्राची पातळी यांत बहुधा वीतभरही अंतर नसते. तेवढ्याशा उंचीच्या बळावर तेल, शिते आणि साबणाचा फेस घेतलेले पाणी नळीतून, वळणांतून आणि सीकॉकमधून (बोटीच्या बुडातल्या भोकावर बसवलेल्या झडपेतून) बाहेर जावे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी, एकही क्लिप सैल करण्याआधी, हे अंतर नेमके किती आहे ते मोजावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढचे सगळे निर्णय त्या एका मापावर ठरतात.

या मापाबद्दल दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला असा की, बोटीच्या बुडातले भोक जितके खोल, तितका निचरा जलद. तसे होत नाही. भोक पाण्याखाली ३० सेंमी असो वा ६० सेंमी, बाहेरचा समुद्र त्या खोलीइतकाच दाब उलट देत असतो. पाण्याला ढकलणारी उंची म्हणजे सिंकमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, त्याहून अधिक काही नाही. दुसरा गैरसमज भरती-ओहोटीचा. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, पण तरंगती बोट त्याच्याबरोबर वरखाली होते, त्यामुळे सिंकच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. फरक पडतो तो ओझ्याने. सुमारे १० मीटर लांबीच्या नेहमीच्या प्रवासी बोटीला १ सेंमी खाली बसवायला साधारण दीडशे किलो वजन पुरते. गोड्या पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या भरल्या, नांगराची जादा साखळी चढवली, शिधा भरला आणि चार माणसे आली की सहाशे किलोंचा भार सहज होतो आणि बोट ४ सेंमी खाली जाते. सिंकच्या तळाखाली मुळात १२ सेंमीच असतील, तर त्यातला तिसरा हिस्सा गेला. लांबच्या सफरीला निघतानाच सिंक संथ झाले, अशी तक्रार अनेक जण करतात; तिचे कारण बहुधा हेच असते.

माझा अनुभव ज्या बोटीवरचा आहे ती ३३ फुटी, फायबरग्लासची, अपोलो बंदरासमोर ऑक्टोबर ते मे मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बांधणीला) असणारी आणि पावसाळ्यात जमिनीवर काढली जाणारी बोट आहे. तिच्या सिंकमध्ये ५ लिटर पाणी ओतले तर ते उतरायला ८५ सेकंद लागत. मी सुरुवातीला फक्त जाळी बदलली, आणि वेळ जेमतेम पाच सेकंदांनी कमी झाली. त्यानंतर मात्र मोजमाप करूनच पुढे जायचे ठरवले.

मोजण्यासाठी गवंडी पाणसळीला वापरतात तशी पारदर्शक नळी उत्तम. ती सीकॉकच्या टोकाला घट्ट बसेल अशा व्यासाची आणि निदान दीड मीटर लांब असावी. आधी सीकॉक बंद करावा. मग त्यावरच्या नळीची क्लिप सैल करून नळी किंचित सरकवावी. आत साठलेले लिटर-दीड लिटर पाणी खालच्या पातेल्यात येईल आणि धार थांबेल. धार थांबली नाही, तर सीकॉक नीट बंद होत नाही असे समजून नळी लगेच पूर्ववत बसवावी आणि हे काम बोट जमिनीवर काढल्यावरच करावे. यात कसलीही सवलत घेऊ नये. पाण्याखाली ६० सेंमीवर असलेल्या ३८ मिमीच्या भोकातून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते, म्हणजे दहा बादल्या. भोकाच्या मापाचा निमुळता लाकडी बूच आणि हातोडी शेजारी ठेवूनच सुरुवात करावी.

धार थांबली की जुनी नळी काढून पारदर्शक नळी सीकॉकवर चढवावी, क्लिप आवळावी, नळीचे वरचे टोक ओट्याच्या उंचीला बांधावे आणि सीकॉक हळूहळू उघडावा. पाणी नळीत चढत जाते आणि एका ठिकाणी थांबते. तीच बाहेरच्या समुद्राची पातळी, म्हणजेच जलरेषा, आता तुमच्या सिंकखालच्या कपाटात डोळ्यांसमोर उभी. जवळून घारापुरीची लाँच गेली की ती नळीत दोन बोटे वरखाली होते, म्हणून मिनिटभर पाहून मधली जागा ठरवावी आणि कपाटाच्या भिंतीवर रंगीत चिकटपट्टी लावावी. हे माप टाक्या भरलेल्या असताना घ्यावे. पट्टीपासून सिंकच्या तळापर्यंतचे अंतर १५ सेंमी किंवा अधिक असेल, तर चांगल्या नळीने काम होईल. ८ ते १५ सेंमी असेल तर नळीचा मार्ग, व्यास आणि जोड या तिन्हींकडे बारकाईने लक्ष द्यावे लागेल. त्याहून कमी असेल, तर केवळ उतारावर विसंबून राहू नये. त्याचा विचार शेवटी केला आहे. आमच्याकडे हे अंतर १३ सेंमी भरले.

नळी लावलेलीच आहे तोवर तिचा आणखी एक उपयोग करून घ्यावा. पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा वर चढत नसल्यामुळे या उभ्या नळीतून, सीकॉक उघडा ठेवून, एक लवचीक वेताची काठी खाली थेट बोटीच्या बुडाबाहेर काढता येते. आमच्या काठीला बुडाशी पोचताच करकर लागली. फिरवत ढोसल्यावर काहीतरी सुटले आणि नळीतले पाणी, जे आधी जडपणे चढले होते, ते लाटेबरोबर चटकन हलू लागले. बुडातल्या भोकाच्या कडेला आतून बार्नेकलची (बुडाला चिकटून वाढणाऱ्या समुद्री जीवांची) पांढरी कवचे बसलेली होती आणि ३८ मिमीच्या वाटेतली जेमतेम अंगठा जाईल एवढी जागा उरली होती. लोखंडी सळई मात्र वापरू नये, कारण तिने सीकॉकमधल्या बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यावर आणि बैठकीवर ओरखडे पडतात. काम झाल्यावर काठी पूर्ण वर काढून मगच सीकॉक बंद करावा. पुढच्या पावसाळ्यात बोट वर काढली की भोकाच्या आतल्या बाजूला, बोट पोचेल तिथपर्यंत, खरवडून छोट्या ब्रशने अँटिफाउलिंग रंग (असे जीव चिकटू न देणारा) द्यावा. बुडाला रंग देणारे कारागीर ही जागा हमखास सोडून देतात. गोव्यातल्या मांडवीसारख्या नदीत आत, जिथे पावसाळ्यात पाणी गोडे होते, तिथे या कवचांचा त्रास कमी असतो. मुंबईच्या खाऱ्या, गाळाच्या पाण्यात दोन महिन्यांतही भोक अरुंद होऊ शकते.

आता सिंकच्या बाजूने पाहू. पाणी कसे संथ उतरते हे ऐकून आणि पाहून दोष बराचसा कळतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मंद गतीने जात असेल, तर वाट कुठेतरी अरुंद आहे किंवा चिकट्याने भरली आहे. बूच काढल्यावर क्षणभर काहीच होत नसेल, मग मोठा बुडबुडा गुडगुड करत वर येऊन पाणी एकदम सुटत असेल, तर नळीत हवा अडकते आहे. आधी जलद जाऊन शेवटची दोन बोटे पाणी फार वेळ घेत असेल, तर ते बहुतांशी स्वाभाविक आहे, कारण पातळी उतरते तशी ढकलणारी उंचीही कमी होत जाते. प्रत्येक दुरुस्तीआधी आणि नंतर तेच ५ लिटर, त्याच बादलीने, घड्याळ लावून ओतावे. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये.

चिकट्याचा उपाय सोपा आहे, पण बोटीला शोभेल असा करावा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजते आणि तूपही थंडाव्यात घट्ट होते. नळीचा जो भाग जलरेषेखाली असतो त्याचे तापमान समुद्राइतकेच राहते, त्यामुळे गरम असताना सहज गेलेले तेल नेमके तिथे जाऊन भिंतीला धरते. युरोपातल्या थंड पाण्यात बोट ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हा अनुभव वर्षभर येतो. सीकॉक बंद करावा, नळी आणि सिंकचा तळ भांडी घासण्याचा साबण घातलेल्या गरम पाण्याने भरावा, वीस मिनिटे थांबावे आणि मग सीकॉक उघडून लगेच रबरी पंप मारावा. सीकॉक बंद न करता गरम पाणी ओतले तर ते थेट समुद्रात जाते आणि चिकटा जागेवर राहतो. पाणी उकळते नसावे. प्लॅस्टिकची नळी मऊ पडून क्लिपखालून सरकू शकते. सिंक जोडी असेल तर पंप मारताना दुसऱ्याचे तोंड ओल्या फडक्याने दाबून धरावे, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. मोरी साफ करण्याची कॉस्टिक सोड्याची पावडर बोटीवर आणूच नये: ती पाण्यात पडल्यावर तापते, अॅल्युमिनियम खाते आणि शेवटी त्याच पाण्यात जाते ज्यात आपण पोहतो. खरा उपाय ताटापाशीच आहे. शिते, चहाचा चोथा, माशांचे खवले आणि वाटणाचा चोथा कागदाने पुसून कचऱ्याच्या पिशवीत टाकला, तर नळीपर्यंत पोचणारा माल निम्म्याहून कमी होतो.

हवा अडकण्याचा प्रश्न मात्र साफसफाईने सुटत नाही आणि माझ्या मते संथ सिंकचे सर्वांत दुर्लक्षित कारण तेच आहे. सिंकखालून निघालेली नळी आधी कपाटाच्या तळावर लोळते, तिथे तिला झोल पडतो, मग ती एखाद्या आडव्या पट्टीवरून उंच चढते आणि पलीकडे सीकॉककडे उतरते, असे चित्र बहुतेक बोटींवर दिसते. झोलात पाणी साठून राहते. पलीकडे जलरेषेपर्यंत समुद्राचे पाणी असते. या दोन पाण्यांच्या मधली हवा कोंडली जाते, तिला ना वर जाता येते ना खाली. सिंक भरले की नवे पाणी तिच्यावर रेलते, आणि १३ सेंमीच्या उंचीतली सात-आठ सेंमी त्या कोंडलेल्या हवेला दाबण्यातच खर्च होतात.

घरगुती बॉटल ट्रॅप किंवा वळणदार ट्रॅप बोटीवर का नको, याचे उत्तरही यातच आहे. इमारतीत गटाराचा वास अडवण्यासाठी ट्रॅपमधले पाणी लागते, आणि मागे हवेचा पाइप असल्यामुळे तिथे हवा कोंडत नाही. बोटीवर नळीचे दुसरे टोक पाण्याखाली असल्याने समुद्र हाच ट्रॅप आहे. त्याच्या आधी दुसरा ट्रॅप बसवणे म्हणजे हवा कोंडण्याची सोय स्वतःच करून ठेवणे होय. बोटीवर सिंकला येणारा वास नळीत कुजणाऱ्या खरकट्याचा असतो आणि तो बोट सोडून जाताना दोन लिटर गोडे पाणी सोडल्याने जातो. आमच्या बोटीवर पूर्वीच्या कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा बॉटल ट्रॅप आणि त्याला जोडलेला घड्यांचा वेस्ट पाइप बसवला होता. दोन्ही काढले, नळी सरळ उतरती केली आणि ८५ सेकंदांचे ३० सेकंद झाले. तोवर मी व्यास बदललाही नव्हता.

नळीचा मार्ग ठरवताना नियम एकच ठेवावा: सिंकपासून सीकॉकपर्यंत ती कुठेही पुन्हा वर चढता कामा नये. यासाठी नळी मोजून नेमक्या लांबीची कापावी, कारण जादा लांबीचा झोल होतोच, आणि हात-दीड हातावर तिला पट्टीने आधार द्यावा. मध्ये आडवी फळी येत असेल तर नळी वरून नेण्यापेक्षा फळीला भोक पाडणे बरे, मात्र ती फळी बोटीच्या ढाच्याचा भाग नाही याची खात्री आधी करून घ्यावी. चढ टाळणे अगदीच अशक्य असेल, तर चढाच्या माथ्यावर टी जोडून १२ मिमीची बारीक नळी वर, सिंकच्या काठाहून उंच आणि शक्य तितकी बोटीच्या मध्यरेषेजवळ नेऊन उघडी सोडावी. हवेला वाट मिळाली की पाणी आपोआप उतरते.

व्यासाबद्दल थोडक्यात सांगतो. १९ मिमीच्या जागी ३८ मिमीची नळी घातली तर छेद चौपट होतो आणि भिंतींचे घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच उतारावर प्रवाह पाचपटीहून अधिक वाढू शकतो. पण हा लाभ सर्वांत अरुंद जोड ठरवतो. ३८ मिमीच्या नळीत शिरणाऱ्या जोडाची आतली वाट अनेकदा ३२ मिमीच असते, म्हणजे छेद तीस टक्क्यांनी कमी. म्हणून मधले जोड शक्य तितके काढून टाकावेत आणि सिंकखालच्या वेस्ट कपलिंगपासून सीकॉकपर्यंत एकच अखंड नळी ठेवावी. काटकोनी एल्बो एकेक मीटर जादा नळीइतका अडथळा करतो, त्याऐवजी नळीलाच मोठ्या गोलाईत वळू द्यावे. नळी आतून गुळगुळीत आणि भिंतीत तारेची किंवा कडक प्लॅस्टिकची वेटोळी असलेली, समुद्री वापराची घ्यावी. बाहेरून घड्या दिसल्या तर हरकत नाही; आतून बोट फिरवल्यावर घड्या लागल्या तर ती घेऊ नये. वर मोजमापासाठी वापरलेली पारदर्शक नळी कायमची ठेवण्याचा मोह होतो, पण जलरेषेखाली ती कधीही सोडू नये.

जुनी नळी निघत नसेल तर तिला ओढून सीकॉकला हिसके देऊ नयेत. जोडावर चाकूने लांबीच्या दिशेने हलका छेद देऊन ती उलगडावी, आणि पात्याचा दाब इतकाच ठेवावा की खालच्या धातूवर चर पडणार नाही. नवी नळी बसवण्याआधी क्लिपा तिच्यावर ओवून घ्याव्यात, टोक दोन मिनिटे गरम पाण्यात धरावे, जोडाला साबणाचे पाणी लावावे आणि नळी पिळत पिळत शेवटपर्यंत चढवावी. जलरेषेखालच्या जोडावर दोन क्लिपा असाव्यात, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला असावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. सीकॉकच पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर नळी बदलून पैसे वाया घालवू नयेत. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतले जस्त झिजून जाते आणि तो आतून ठिसूळ होतो. पुढच्या वेळी बोट वर काढल्यावर ब्राँझचा किंवा समुद्री वापराच्या काचतंतूयुक्त नायलॉनचा, पूर्ण वाटेचा सीकॉक बसवावा. उलट पाणी येऊ नये म्हणून मध्ये एकेरी झडप घालण्याचा सल्लाही मिळतो. मी तो मानत नाही: झडपेचे पान उघडायलाच त्या थोडक्या उंचीतला वाटा जातो आणि आठवडाभरात एखादे शीत अडकून ती अर्धवट उघडी राहते.

उलट येणाऱ्या पाण्याचा खरा बंदोबस्त सीकॉक बंद करणे हाच आहे. सिंक मध्यरेषेपासून १ मीटर दूर असेल आणि तळाखाली १२ सेंमी असतील, तर बोट त्या बाजूला अवघी ७ अंश कलली की समुद्र सिंकच्या तळाशी पोचतो, आणि वाऱ्यावर २० अंशांचा कल तर रोजचा असतो. म्हणून शिडे उभारण्याआधी गॅलीचा सीकॉक बंद करण्याची सवय घरच्या गॅसच्या नळाइतकी पक्की करावी. बोट वर काढलेली असताना बुडातल्या भोकावर बाहेरून पुढे तोंड असलेली टोपी किंवा जाळी नाही ना, हेही पाहून घ्यावे. पाणी आत घेण्यासाठी ती योग्य, पण सिंकच्या वाटेवर नाही. ६ नॉटच्या (ताशी सुमारे ११ किमी) वेगाला ती पाणी जवळपास ४८ सेंमी वर ढकलू शकते.

पट्टीपासून सिंकपर्यंत ८ सेंमीहून कमी अंतर असेल, तर पंपाशिवाय गत्यंतर नाही. हाताचा किंवा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा) घ्यावा, जो खरकटे झेलतो आणि कोरडा फिरला तरी लगेच बिघडत नाही. बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपासारखा पंख्याचा पंप इथे टिकत नाही. पंपाच्या पुढची नळी जलरेषेच्या बरीच वर, मध्यरेषेजवळ चढवून, माथ्यावर हवेची झडप बसवून मग खाली सीकॉकला आणावी, नाहीतर थांबलेल्या पंपातून समुद्र उलटा आत येऊ शकतो. मुरिंगला, शांत पाण्यात, पंप बसेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे दोन माणसांना सिंकच्या विरुद्ध बाजूच्या कठड्यापाशी बसवणे. दोन-तीन सेंमीचा फरक लगेच दिसतो.

सगळे जोडून झाले की सीकॉक उघडावा, प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा आणि ओला डाग दिसला तर क्लिप पाव फेरी आवळावी. त्यानंतर बोट सोडून घरी जाऊ नये. रात्री सीकॉक बंद करून सकाळी पुन्हा उघडून तीच तपासणी करावी, कारण नवी नळी जोडावर बसते तशा क्लिपा किंचित सैल होतात. मग बादली आणि घड्याळ घ्यावे. आमचे ५ लिटर आता १६ सेकंदांत जातात, आणि तो आकडा तारखेसह कपाटातल्या त्याच चिकटपट्टीवर लिहिलेला आहे. दर महिन्याला पुन्हा मोजतो. २५ वर गेला की वेताची काठी बाहेर निघते.